डिस्नेलँडपासून "वॉकिंग डिस्टन्स" म्हणजे नक्की किती?

ऐरोलीच्या एका दादांनी विचारलंय. मेच्या दुसऱ्या आठवड्यात ते, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेली ६८ वर्षांची आई असे चौघं कॅलिफोर्नियाला चाललेत, भाऊ सॅन होजेला असतो, त्यातले दोन दिवस लॉस एंजेलिसजवळच्या डिस्नेलँडसाठी काढलेत, गाडी घेणार नाहीयेत, बजेट रात्रीचं १८० डॉलर सगळं धरून, आणि पार्कला चालत जाता येईल असं हॉटेल पाहिजे. सोबत तीन हॉटेलांचे स्क्रीनशॉट. १०४ डॉलर, १२२ डॉलर आणि १४९ डॉलर. तिन्हींवर डिस्नेलँड जवळ असल्याचं ठळक अक्षरात लिहिलंय. आणि शेवटी प्रश्न, "मॅडम तिन्ही जवळच आहेत तर १०४ वालंच टाकू का?"

नका टाकू. थांबा जरा, सांगते.

मी ठाण्याच्या नौपाड्यात बसून गेली १९ वर्षं लोकांच्या अमेरिका-युरोपच्या ट्रिपा लावून देते. ॲनाहाइमला (डिस्नेलँड ज्या गावात आहे ते, ऑरेंज काउंटीत येतं, लॉस एंजेलिस शहरात नाही) स्वतः पाच वेळा जाऊन आले आणि त्यातल्या एका वेळी तर पार्कात पाऊलही टाकलं नाही, फक्त फोनवर स्टॉपवॉच लावून हार्बर बुलेवार्ड नावाच्या रस्त्यावर खालीवर चालत होते, प्रत्येक मोटेलच्या दारापासून गेटपर्यंत किती मिनिटं लागतात ते वहीत लिहित. तिथल्या लोकांना वाटलं असेल काय वेडी बाई आहे. पण ती वही अजून कामाला येते.

आधी एक गोष्ट कळून घ्या, की हे "चालत जाता येईल असं स्वस्त हॉटेल" प्रकरण ॲनाहाइमलाच का जमतं. डिस्नेलँड उघडलं १७ जुलै १९५५ ला, संत्र्यांच्या बागा तोडून घेतलेल्या साधारण १६० एकर जागेवर. वॉल्ट डिस्नेकडे पार्क बांधतानाच पैसे संपत आलेले, हॉटेलसाठी उरलेच नव्हते, पहिलं डिस्नेलँड हॉटेलसुद्धा दुसऱ्याच माणसाने बांधलं. मग काय, आजूबाजूच्या बागायतदारांनी जमिनी विकल्या आणि पार्कच्या कुंपणाला चिकटून मोटेलांची रांग उभी राहिली, दोन मजली, पुढे पार्किंग, बाहेरून जिना. वॉल्टसाहेबांना त्याचा इतका मनस्ताप झाला की फ्लोरिडात दुसरं पार्क करायची वेळ आली तेव्हा २७ हजार एकर जमीन आधीच गपचूप घेऊन ठेवली, दुसऱ्या कोणाचं हॉटेल जवळ येताच कामा नये. म्हणून ऑरलँडोला बाहेरच्या स्वस्त हॉटेलातून चालत पार्कला जाणं हा विषयच नाही, आणि ॲनाहाइमला मात्र रस्ता ओलांडला की गेट. त्यांचा मनस्ताप, आपला फायदा.

आपल्याकडे खोपोलीच्या इमॅजिकाला बघा, गेटजवळ त्यांचं एक मोठं हॉटेल आणि बाकी सगळं गाडीने. त्यामुळे आपल्या लोकांना "पार्कजवळचं हॉटेल" म्हटलं की दहा मिनिटं ड्राइव्ह असंच डोक्यात येतं, आणि वेबसाइटवर १ मैल दिसलं की आनंद होतो.

आता तो १ मैल कुठून मोजलेला असतो? हीच सगळी गोम आहे. बुकिंगच्या साइटवरचं अंतर बहुतेक वेळा सरळ रेषेत असतं, कावळा उडाल्यासारखं, आणि ते पार्कच्या गेटपासून नाही तर नकाशात डिस्नेलँडचा जो टिकला असतो तिथपासून, म्हणजे कुठेतरी किल्ल्याजवळ, मधोमध. तुम्हाला किल्ल्याजवळ उतरायचं नाहीये, तुम्हाला गेटमधून आत जायचंय. आणि गेट सगळीकडे नाहीयेत. जुन्या पार्कच्या भोवती वॉल्टने मातीचा उंच बांध घातलाय, बाहेरचं जग आतून दिसू नये म्हणून, त्याच्यावरूनच पार्कची आगगाडी फिरते. त्या बांधाच्या मागे गोदामं, वर्कशॉप, कर्मचाऱ्यांचं पार्किंग. उत्तरेकडून पब्लिकला आत जायला दार नाही म्हणजे नाही. दोन पार्क आहेत, जुनं डिस्नेलँड आणि २००१ मध्ये उघडलेलं कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, त्यांची गेटं एकमेकांसमोर आहेत आणि मधल्या चौकाला एस्प्लनेड म्हणतात. तुम्ही कुठूनही या, शेवटी त्या चौकातच पोचायचंय. चौकाला यायच्या वाटा दोन बाजूंनी, पूर्वेला हार्बर बुलेवार्डवरून आणि पश्चिमेला डाउनटाउन डिस्ने नावाच्या बाजारपेठेतून. पश्चिमेला डिस्नेची स्वतःची हॉटेलं, त्यांचं भाडं साध्या मोटेलपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे आपला विषय पूर्वेचा, हार्बरचा.

मीही हे शिकले ते चूक करूनच. धंद्यात नवीन होते तेव्हाची गोष्ट, पाचपाखाडीच्या एका कुटुंबाला पार्कच्या उत्तरेला बॉल रोडवरचं हॉटेल दिलं, नकाशावर पार्कचं हिरवं दिसायला हॉटेलच्या अगदी नाकासमोर. मला स्वतःलाच भारी वाटलं होतं, इतक्या कमी पैशात इतकं जवळ. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसात फोन, म्हणजे त्यांच्याकडे आदल्या रात्रीचे साडेदहा, आपण साडेबारा तास पुढे. फटाक्यांचा शो संपलेला, मुलगा बापाच्या खांद्यावर झोपलेला, बाई फूटपाथच्या कडेला बूट काढून बसलेल्या, आणि मला विचारतायत, "अहो मॅडम, भिंत संपतच नाहीये, दार कुठेय?" पार्कच्या भिंतीला वळसा घालत चालत होते बिचारे. मागे पार्कातलं संगीत ऐकू येतंय आणि पुढे सुनसान रस्ता. मी इकडे चहाचा कप हातात धरून नकाशा बघतेय आणि काही करू शकत नाही. त्यानंतर मी एक नियम केला, हॉटेल कोणाचंही असो, अंतर मोजायचं ते हॉटेलच्या दारापासून एस्प्लनेडपर्यंत, चालायचा मोड लावून. नकाशात डिस्नेलँड टाईप करू नका, तो चौक शोधून त्याच्यावर बोट ठेवा आणि तिथपर्यंतचा रस्ता काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

याच्याहून सोपी एक ट्रिक सांगते, नकाशा न उघडता. पत्ता वाचा. हार्बर बुलेवार्ड खूप लांबलचक रस्ता आहे, आपल्या घोडबंदर रोडसारखा, कासारवडवली पण घोडबंदर रोड आणि माजिवडा पण घोडबंदर रोड, आणि बिल्डर दोन्हीकडे ठाणे स्टेशनपासून मिनिटं मोजतो. हार्बरवर पार्कच्या पट्ट्यात पत्ते "साऊथ हार्बर" असे येतात आणि पार्कचं पायी गेट साधारण १५०० च्या नंबरांसमोर पडतं. त्यामुळे १४०० ते १७५० मधला नंबर दिसला की ते खरोखर चालण्याच्या टप्प्यात. त्याच्या पुढे कटेला ॲव्हेन्यूचा मोठा चौक. आणि नंबर अचानक ११ हजार, १२ हजारात गेला तर समजा गाव बदललं, ते गार्डन ग्रोव्ह, रस्ता तोच पण तुम्ही दोन किलोमीटरच्या पुढे गेलात. हॉटेलच्या नावात "मेनगेट" किंवा "ॲट द पार्क" असलं काय नि नसलं काय, त्याने अंतर कमी होत नाही.

तुमचा १०४ वाला स्क्रीनशॉट बघा, नंबर १२ हजारातला आहे. १२२ वालं बॉल रोडवर, मी पाचपाखाडीवाल्यांना जिथे पाठवलेलं त्याच्याच आसपास. १४९ वालं १६०० च्या घरात. म्हणजे तिघं एकाच रांगेत नाहीतच.

मिनिटांचं बोलायचं तर गेटसमोरच्या सिग्नलपाशी असलेल्या मोटेलातून एस्प्लनेडच्या चौकापर्यंत माझ्या चालीने सहा-सात मिनिटं, कटेलाच्या कोपऱ्यावरून पंधरा, बॉल रोडवरून पंचवीस. ठाण्याच्या हिशोबात स्टेशनपासून तलावपाळी आणि स्टेशनपासून तीन हात नाका एवढा फरक. ही माझी चाल, सकाळची, रिकाम्या हाताने. आईंच्या गुडघ्याने दीडपट धरा आणि रात्री दुप्पट. शिवाय मध्ये सिक्युरिटीची लाईन असते, बॅगा उघडून बघतात, सकाळी गेट उघडायच्या वेळी तिथे सहज वीस मिनिटं जातात, ती कुठल्याच नकाशात नसतात. आणि हार्बरचा सिग्नल. सहा-सात लेनचा रस्ता आहे, सिग्नल पडायला वेळ लागतो आणि आकडे उलटे मोजायला लागले की आपल्या लोकांना पळायची सवय, तर आईंना घेऊन पळू नका, पुढचा घ्या. (मागे तिथे रस्त्यावरून पादचारी पूल करायचा डिस्नेचा प्लॅन होता, तेव्हा हार्बरवरच्या हॉटेलवाल्यांनीच विरोध केलेला कारण तो त्यांच्या दारावरून न जाता बाजूने जाणार होता. यावरून कळतं त्या सिग्नलपाशी किती पैसा उभा आहे.)

लोक विचारतात, दोनदाच तर चालायचंय, सकाळी आणि रात्री, त्याच्यासाठी ४५ डॉलर जास्त कशाला? तर दोनदा नाही, चारदा. आणि चालत्या हॉटेलचा खरा उपयोग सकाळी नसतोच, दुपारी असतो. पार्क सकाळी आठ-नऊला उघडतं, गर्दी कमी असते तेव्हा मोठ्या राईड्स उरकायच्या. दुपारी एक ते पाच सगळीकडे रांगा, ऊन, मुलं किरकिरी. तेव्हा बाहेर पडायचं, रूमवर जायचं, आईंनी पाय वर करून पडायचं, मुलीने झोपायचं, तुम्ही एसीत चहा प्यायचा, आणि साडेपाचला परत आत, रात्रीच्या शोपर्यंत ताजेतवाने. त्याच तिकिटावर त्याच दिवशी परत आत सोडतात, काही एक्स्ट्रा पैसे नाहीत. माझ्याकडून गेलेल्या ज्या ज्या कुटुंबांनी ही दुपारची फेरी केली ते खूष होऊन आले, आणि ज्यांचं हॉटेल लांब होतं ते दुपारी चारला बाकावर एकमेकांशी भांडले. सासू-सून, नवरा-बायको, सगळी कॉम्बिनेशन ऐकलीयत मी.

आता पैशाचा हिशोब मांडू, कारण १०४ विरुद्ध १४९ असं दिसतंय ते तसं नाहीये. ॲनाहाइमला रूमच्या भाड्यावर १५ टक्के सिटीचा टॅक्स आणि वर २ टक्के टुरिझमचा, एकूण १७. गार्डन ग्रोव्हचा वेगळा असू शकतो, पण हिशोबापुरता तेवढाच धरून चालू. तुमच्या १०४ वाल्याच्या स्क्रीनशॉटवर खाली बारीक अक्षरात १५ डॉलर रिसॉर्ट फी दिसतेय, रोजची. रिसॉर्ट कसलं, एक छोटा स्विमिंग पूल आणि लॉबीत कॉफी. मे २०२५ पासून अमेरिकेत नियमच आलाय की अशी सक्तीची फी पहिल्या भावातच धरून दाखवायची, सरकारी टॅक्स तेवढा नंतर दाखवला तरी चालतो, तरी तुम्ही शेवटच्या पानापर्यंत जाऊनच आकडा बघा. तर १०४ अधिक १५ म्हणजे ११९, त्यावर १७ टक्के, झाले १३९. आता तिथून पार्कला चालवणार नाही, मग उबर, समजा एका फेरीचे १४ डॉलर, जाऊन-येऊन २८, झाले १६७. आणि दुपारी रूमवर यायचं ठरवलंत तर आणखी २८, म्हणजे १९५. रात्री शो सुटल्यावर हजारो लोक एकदम गाडी बोलावतात तेव्हा भाव चढतो तो वेगळाच. आणि १४९ वाल्याचं? टॅक्स धरून १७४, फी नाही, ब्रेकफास्ट फुकट. स्वस्त कुठलं ते तुम्हीच बघा.

उबरच्या बाबतीत अजून एक गोष्ट जी आपल्या लोकांना तिथे गेल्यावर कळते. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालच्या मुलांना गाडीत कार सीट किंवा बूस्टर सीट लागते, कायदा आहे. तुमची मुलगी सहाची. ड्रायव्हर दारात येऊन सीट नाही म्हणून सोडून निघून गेलाय, असं झालंय माझ्या लोकांबरोबर, आणि त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. भारतातून फुगवायची बूस्टर वगैरे नेता येते पण रोज चार वेळा ती काढा-घाला कोण करणार. एअरपोर्टवरून येताना मात्र सोय करावीच लागेल. सॅन होजेहून विमानाने येणार असाल तर जॉन वेन एअरपोर्टचं तिकीट बघा, तिथून ॲनाहाइम वीस-बावीस किलोमीटर, लॉस एंजेलिसच्या मोठ्या एअरपोर्टवरून पन्नासच्या वर आणि ट्रॅफिक आपल्या कळवा नाक्याला लाजवेल असं.

तारखांचं. पार्कच्या दक्षिणेला, कटेलाच्या पलीकडे, मोठं कन्व्हेन्शन सेंटर आहे. तिथे काही मोठं असलं की बाजूच्या हॉटेलांचे भाव दुप्पट होतात आणि त्याचा डिस्नेशी काही संबंध नसतो. जानेवारीत संगीत वाद्यांच्या व्यापाऱ्यांचं नॅम, मार्चमध्ये नॅचरल फूडवाल्यांचं एक्स्पो वेस्ट, असे ठरलेले. त्यामुळे भाव विचित्र वाटला तर आधी सेंटरचं कॅलेंडर उघडा, पुढचे-मागचे दोन दिवस बघा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तसं बरं असतं, अमेरिकन शाळा अजून सुटलेल्या नसतात, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी मेमोरियल डे, तिथून गर्दी. तुम्ही रविवारी रात्री चेक-इन करून मंगळवारी रात्रीपर्यंत राहा, शुक्रवार-शनिवार टाळा, त्या एका बदलात भाव बराच उतरतो. फक्त त्या दिवसांत बारावीची मुलं ग्रुपने येतात, डिस्नेची त्यांच्यासाठी खास रात्र असते, आणि ही मुलं राहतात याच मोटेलात. रात्री एक वाजता बाहेरच्या गॅलरीतून शंभर पायांची धावाधाव. बुकिंग झाल्यावर हॉटेलला एक ईमेल टाका, ग्रुपपासून लांब आणि रस्त्यापासून मागच्या बाजूची रूम द्या म्हणून, देतात बहुतेक वेळा.

आता रूम. इथे मी जास्त वेळ घेणारे कारण हॉटेल बरोबर निवडून रूम चुकीची घेतली की सगळं पाण्यात.

जुन्या दोन मजली मोटेलांत अनेक ठिकाणी लिफ्ट नसते. आईंसाठी तळमजलाच पाहिजे. आणि मागताना नीट मागा, अमेरिकेत तळमजल्याला "फर्स्ट फ्लोअर" म्हणतात. आपला पहिला मजला म्हणजे त्यांचा सेकंड. माझे एक काका, "फर्स्ट फ्लोअर नको, ग्राउंड पाहिजे" असं काउंटरवर वाद घालत बसलेले, पोरगी समजावून थकली की सर तुम्हाला दिलीय तीच आहे. ईमेलमध्ये लिहा, फर्स्ट फ्लोअर, नो स्टेअर्स. विषय संपला.

दुसरं बाथरूम. स्वस्त मोटेलात शॉवर बहुतेक बाथटबच्या आतच असतो, म्हणजे गुडघ्याएवढी कड ओलांडून आत पाय टाकायचा, ओल्या पायाने परत बाहेर. ऑपरेशन झालेल्या गुडघ्याला हे नको. वॉक-इन शॉवरची रूम विचारा, नसेल तर निदान पकडायला दांडी आहे का विचारा. फोटोत बाथरूमचा फोटोच नसेल तर समजून घ्या टब आहे.

तिसरं, भाव रूमचा असतो, माणशी नाही. दोन क्वीन बेडची रूम म्हणजे चार माणसं आरामात, एक्स्ट्रा बेडच्या भानगडीत पडायची गरज नाही. पण बुक करताना चारही जणांची नोंद करा, दोनच लिहिलंत तर साइट एका किंग बेडची रूम गळ्यात मारते आणि तिथे गेल्यावर दोन बेडची उरलेली नसते.

रूममध्ये छोटा फ्रिज आणि मायक्रोवेव्ह आहे का हे मी पूलच्या आधी बघते. पार्कात चौघांचं एक वेळचं जेवण म्हणजे आरामात ७०-८० डॉलर, आणि आईंसारख्या शाकाहारी माणसाला त्यात मिळणार काय. रेडी टू ईट उपमा, भात, दही, दूध, फळं रूमवर ठेवलीत तर दुपारच्या फेरीत घरचं काहीतरी पोटात जातं. फुकट ब्रेकफास्ट म्हणतात तो कोरडाच असतो बऱ्याचदा, सीरियल, ब्रेड, केळी, दही, आणि ते वॉफल बनवायचं मशीन, मुलगी त्याच्यावर तुटून पडेल. वॉफलच्या पिठात अंडं असतं, आई खात नसतील तर आधीच सांगून ठेवा. हार्बरवर समोर मॅकडोनाल्ड्स दिसेल, तिथल्या फ्राईजचंही तेच, अमेरिकेतल्या फ्राईजमध्ये बीफचा फ्लेवर असतो, इथल्यात नसतो. खरं देशी जेवण पाहिजे तर आर्टेशियाला पायोनियर बुलेवार्डवर लिटल इंडिया आहे, पण ते वीसेक किलोमीटर, पार्कच्या दिवशी नको, येताना-जाताना करा.

इथून किटली नेऊ नका. नेतात हो लोक. तिकडे व्होल्टेज १२०, आपली किटली २३० ची, व्होल्टेज निम्मं झालं की ताकद चौथाई होते, म्हणजे पाच मिनिटांत उकळणारं पाणी वीस मिनिटं घेईल आणि तुम्ही म्हणाल किटली बिघडली. रूममध्ये कॉफी मशीन असतं, त्यातून नुसतं गरम पाणी काढा, चहाची पुडी टाका. आणि मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजायचा असेल तर समोर उभं राहून भाजा. डोंबिवलीच्या एका मावशींनी चार मिनिटांवर लावला आणि अंघोळीला गेल्या. पापड काळा ठिक्कर, धुराचा अलार्म वाजला, सगळं मोटेल पार्किंगमध्ये, आणि मावशी टॉवेल गुंडाळून सगळ्यांना सांगतायत, "इट इज ओन्ली पापड."

स्ट्रोलरबद्दल. मुलगी सहाची आहे, चालेल असं वाटतंय तुम्हाला, पण दिवसाला दहा-बारा किलोमीटर होतात आत. पार्कात स्ट्रोलर भाड्याने मिळतो पण तो बाहेर हॉटेलपर्यंत आणू देत नाहीत, चौकात परत द्यावा लागतो, आणि मुलगी झोपते नेमकी तिथून पुढे. भावाकडून किंवा त्याच्या मित्रांकडून साधा फोल्डिंगचा उसना घ्या. माप ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांबच्या आत लागतं, चार चाकांची ओढायची गाडी चालत नाही. आईंसाठी व्हीलचेअर घेणार असाल तर आत मिळते पण हाच प्रॉब्लेम, म्हणून बाहेरच्या भाड्याच्या दुकानाची, जे हॉटेलवर आणून देतात, ती घ्या. अशा वेळी हॉटेलपासून गेटपर्यंत फूटपाथ सपाट आहे का हाही मुद्दा येतो, तर हार्बरवर आहे, चिंता नको.

बुकिंग कसं करायचं. व्हिसा चौघांच्या हातात येईपर्यंत नॉन-रिफंडेबल अजिबात नाही, १० टक्के स्वस्त असलं तरी नाही. फ्री कॅन्सलवालं धरून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी तीच तारीख परत बघा, भाव उतरला तर नवीन घ्या आणि जुनं सोडा. हॉटेलची स्वतःची साइटही बघा, काही मोटेलं तिथे पार्किंग किंवा ब्रेकफास्ट जोडून देतात. रिव्ह्यू वाचताना स्टार बघू नका, सगळ्यात नवीन आधी लावा आणि त्यात "वॉक", "स्टेअर्स", "कन्स्ट्रक्शन" हे शब्द शोधा, कारण ४ स्टारचं हॉटेल असेल आणि सध्या पुढे खोदकाम चालू असेल तर ते तुम्हाला तिथेच कळेल. अमेरिकन माणूस ब्रेकफास्टला सॉसेज नव्हतं म्हणून एक स्टार देतो, त्याच्याशी आपल्याला काय.

चेक-इनला ते कार्डावर डिपॉझिट अडकवतात, ५० ते १५० डॉलर, कधी जास्त. ते क्रेडिट कार्डावर द्या. फॉरेक्स किंवा डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे आठवडाभर अडकून बसतात आणि तुम्ही पुढच्या गावी पोचलेले असता. मशीनने रुपयात कापू का डॉलरात असं विचारलं तर डॉलर, नेहमी डॉलर, रुपयाचा रेट ते मनाचा लावतात. तुमच्या बँकेचा मार्कअप दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, तो लागणारच, तो बजेटमध्ये धरा.

रूममध्ये शिरल्यावर सामान आधी बाथरूममध्ये ठेवा, गादीचा कोपरा उचलून शिवणीत काळे ठिपके आहेत का टॉर्चने बघा. ढेकूण महागड्या हॉटेलातही निघतात, त्यात लाजायचं काही नाही, दिसले तर लगेच रूम बदलून मागा. एसी लावून बघा, जुन्या मोटेलात तो खिडकीखाली असतो आणि ट्रकसारखा वाजतो.

मेमध्ये तिकडे सकाळी ढगाळ असतं, आणि रात्री चांगलाच गारवा, एकेकाचं जाकीट असू द्या. मुंबईच्या मेमधून निघताना कोणाला पटत नाही. रूम जवळ असेल तर सकाळी न नेता दुपारच्या फेरीत घेऊन जायचं, हा आणखी एक फायदा.

पॅरिस किंवा हाँगकाँगला कधी गेलात तर हे गणित तसंच्या तसं लावू नका, तिथे पार्कच्या दारात ट्रेन येते, पॅरिसला तर स्टेशन गेटसमोरच आहे, त्यामुळे तिथे चालण्यापेक्षा एक-दोन स्टेशनं अलीकडचं हॉटेल बघायचं असतं. ॲनाहाइमला तसली ट्रेन नाही म्हणून हे सगळं एवढं लांबवलं.

तर दादा, तुमच्यासाठी १४९ वालंच. फक्त तळमजला आणि वॉक-इन शॉवर आहे का ते ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या, उत्तर "सब्जेक्ट टू अव्हेलेबिलिटी" असं आलं तर दोन दिवस आधी भावाला फोन करायला सांगा, लोकल नंबरवरून फोन गेला की मनावर घेतात. शॉवर नाहीच मिळाला तर त्याच पट्ट्यात १४०० ते १७५० मधलं दुसरं बघू, १५५ पर्यंत गेलात तरी टॅक्स धरून १८१ होतात, एक डॉलर माझ्याकडून. आणि बॅगेत प्लास्टिकचा मग टाका, तिथे बादली-मग नसतो, आईंना तिथे गेल्यावर पहिली आठवण त्याचीच येणार आहे.